मामाचा रावण

दसरा, मुलुंड. दिवेलागण.

किळस आली आज. आपल्याच सोसायटीची.

जव्हारहून मामा आला होता, बोहाड्यातलं रावणाचं सोंग दाखवायला. मीच बोलावलं होतं. आमच्या गावाकडे बोहाड्यात मुखवटे घालून रामायण नाचतात आणि रावणाचा मुखवटा पिढ्यान् पिढ्या मामाच्याच घरात. नारळ फोडल्याशिवाय मामा तो तोंडावर चढवत नाही. आज पार्किंगमध्ये नाचला, घामाने निथळला, टाळ्याही पडल्या. त्याने मुखवटा उतरवून खुर्चीवर ठेवला, तर सेक्रेटरी गॅसचं लायटर घेऊन पुढे. "आता हाच जाळू या ना! पुतळा आणायचा राहिलाच. व्हिडिओ झकास येईल." आणि लायटर खटखटवतोय, थेट मुखवट्याच्या मिशीपाशी!

मामाला आधी कळलंच नाही. मग म्हणाला, "देव हाये तो." एवढंच. त्यावर सगळे हसले. रावण म्हणे देव! एक बाई तर म्हणाली, "नवीन करून घ्या ना काका, आम्ही देऊ पैसे." शी! हिच्या देवघरातली मूर्ती पेटवून हिला नवीन आणून देऊ का?

मी मुखवटा उचलून मामाच्या हातात दिला आणि त्याला वर घेऊन आले. भांडायला हवं होतं का? तोंडच कडू झालं होतं.

आत्ता चहा ठेवायला ओट्याशी गेले. लायटर खटकन वाजलं, तसा मामाने मुखवटा पोटाशी धरला. माझ्या घरात. माझ्यापासून.