दोन्ही हातांनी घेतलेला नारळ

रत्नागिरी, सोमवार

तीर्थरूप दामूकाका यांना शमिकाचा नमस्कार. आधी घडलं ते क्रमाने लिहिते, ख्यालीखुशाली नंतर.

१. बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे घर आणि बोट सांभाळायला तुम्ही दिल्लीहून आलात.
२. आवडाबाईंकडे (बोटी तीन, तांडेल दोन) सदिच्छा भेटीला गेलात.
३. त्यांनी नारळ पुढे केला. तुम्ही तो घेतलात.
४. संध्याकाळी रघूदादा, म्हणजे आपली बोट चालवणारा तांडेल, वळकटी उचलून बोटीवरून उतरला.
५. ‘शेजाऱ्यांशी संबंध सुधारले आहेत’ असा निरोप ठेवून तुम्ही परतीची गाडी पकडलीत.

तुमची प्रकृती चांगली असेल. काकूंचा गुडघा कसा आहे? इकडे सगळं ठीक. बाबांना आता स्वच्छ दिसतं, आणि जे दिसतं ते त्यांना आवडत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलं असतं, पण तिथे तुम्ही अंगठा पाठवता आणि तो कशाला होता हे शेवटपर्यंत समजत नाही. म्हणून पत्र, तेही स्पीड पोस्टाने.

नारळाचा अर्थ तुम्हाला माहीत नव्हता, यात तुमचा दोष थोडाच. तुम्ही शिकायला बाहेर पडलात, मग तीन देशांतल्या आपल्या वकिलातींत राहिलात, मग दिल्लीच्या मंत्रालयात गेलात आणि आता कंपन्यांना सल्ला देता. मधल्या काळात आपल्या बंदरावरचा नियम बदलला नाही. हंगाम सुरू होण्याआधी एका मालकाने दुसऱ्या मालकाच्या माणसापुढे नारळ धरला, तर तो विचारतो आहे, ‘तुमचा तांडेल आम्हाला देता का?’ द्यायचा नसेल तर नारळाला हात लावायचा नाही. चहा प्यायचा, पावसाबद्दल दोन शब्द बोलायचे आणि उठायचं. घेतला तर दिला. कागद नाही, सही नाही. (तुम्ही कितीतरी करारांच्या वेळी हजर होतात असं सांगता. एवढ्या कमी मजकुराचा त्यातला एकही नसावा.)

मी आवडाबाईंकडे जाऊन आले. तुमच्या अंगवळणी पडलेला शिष्टाचार त्यांच्या फार मनात भरला आहे. त्या म्हणाल्या, “गो बाय, एका हाताने घेतला असता तर मी म्हटलं असतं, पाहुणा हाय, त्याला काय कळतंय. पण त्याने दोन्ही हातांनी घेतलान, आणि वर मान झुकवलान. एवढ्या मानाने आजपर्यंत मला कोणी तांडेल दिलान नाय.” नारळ दाखवून काही सिद्ध करण्याची सोय नाही, कारण आईने तो त्याच दुपारी कालवणात घातला आणि तुम्ही दोनदा वाढून घेतलंत.

रघूदादालाही भेटले. तो जाळं विणत बसला होता. मी म्हटलं, काकांना ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, “तुझ्या काकांनी मला समोर बसवून इचारलानी, पाच वर्षांनी मी स्वतःला कुठे बघतो. मी म्हटलं, हयंच. ते हसले. दुसऱ्या दिवशी नारळ घेतलानी. आता मी काय समजायचं?”

हे विचारणं तुम्ही आपल्या बोटीच्या धंद्यावर लिहिलेल्या अहवालासाठी होतं, हे मी त्याला सांगितलं. अहवाल मी वाचला आहे. छपाई चांगली आहे. खलाशांना त्यात ‘हितसंबंधी घटक’ म्हटलं आहे (आपल्या खलाशांपैकी मितेशने वाचून विचारलं, ही शिवी आहे का). शीतपेटी, मासे शोधण्याचं यंत्र, थेट निर्यात, अशा शिफारशींपैकी सातवी आहे, ‘एकाच तांडेलावरचे अवलंबित्व टप्प्याटप्प्याने कमी करावे’. अंमलबजावणी झालेली ती एकमेव शिफारस आहे, आणि तिला टप्पे लागले नाहीत.

मी लोटे औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात कॉम्प्रेसर सांभाळते, त्यामुळे बिघाड झाला की कोणाला बोलायचं याआधी काय दुरुस्त होतं ते बघायची सवय आहे. बोटीचं इंजिन मी सुट्टी घेऊन उघडलं, नवीन रिंगा बसवल्या, चालवून पाहिलं. ते उत्तम आहे. पण खडक कुठे आणि मासा कुठे हे इंजिनाला कळत नाही, आणि रघूदादाशिवाय आपले खलाशी बोटीवर चढणार नाहीत.

दुरुस्ती एकच आहे. ज्याने नारळ घेतला त्याने तो आवडाबाईंच्या दारात, चार माणसांदेखत, परत करायचा. पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहण्याआधी. मी जाऊन चालत नाही, बाबांनी जाऊनही नाही. आवडाबाईंना मी स्पष्ट विचारलं. त्या म्हणाल्या, “नारळ बाजारातला चालेल. माणूस तोच हवा.” भाषण करावं लागत नाही. किंबहुना करू नये.

काकूंना नमस्कार.

तुमची,
शमिका

ता. क. हे पत्र बाबांनी लिहायला सांगितलेलं नाही. ते बंदरावर सगळ्यांना सांगत फिरतात, की दामूने हे विचार करून केलं आहे, त्याच्या डोक्यात काहीतरी मोठं आहे, तुम्हाला नंतर समजेल. रघूदादालाही हेच सांगितलं. तुमचं चुकलं असं कोणी म्हटलं तर ते उठून जातात. आता हे म्हणणं टिकवण्यासाठी त्यांनी बोट विकायला काढली आहे, म्हणजे तांडेल सोडण्यामागे खरंच काही बेत होता असं दिसेल. शुक्रवारी दाभोळचा माणूस बोट बघायला येणार आहे. तेव्हा आवडाबाईंकडे जाण्याआधी बाबांना फोन करा आणि ‘दादा, मला माहीत नव्हतं’ एवढंच म्हणा. तुमच्याखेरीज दुसऱ्या कोणाकडून ते हे ऐकून घेणार नाहीत.

ता. क. २. रघूदादा अजून आवडाबाईंच्या बोटीवर गेलेला नाही. कंबर धरली आहे म्हणतो. मी परत निघाले तेव्हा तो ओल्या जाळ्याचा गठ्ठा एकट्याने उचलून आत नेत होता.

येताय की नाही, ते गुरुवारपर्यंत कळवा. शब्दांत. अंगठा नको.