चौथा ठोका

३० सप्टेंबर १९८५, सोमवार
राजमा शिजत ठेवून मिरवणूक काढणाऱ्या क्लबला पत्र लिहिलं. रविवारी मिरवणूक नेहमीप्रमाणे माझ्या दारी थांबेल, तेव्हा बँडनं जुन्या संथ चालीची भजनं वाजवावीत. ते हल्लीचं कंबर हलवणारं फंक नको. जॅझमध्ये फंक म्हणजे दुधात मिठाचा खडा. अडतीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत बसले आहे. पत्राला वजन कसं आणायचं ते मला कळतं. ऐकतील.

२ ऑक्टोबर
मिरवणुकीच्या मार्गाचा कागद आला. थांब्यांत माझं घर नाही. एकवीस वर्षांत पहिल्यांदा. माझा नवरा ऑनोरे जाईपर्यंत याच बँडचा मोठा ढोल वाजवायचा, म्हणून तर हा मान. आता थांबा शेजारच्या फिलोमेनाकडे. तिच्या खुर्च्या चार, त्यांतल्या दोन लंगड्या. मला काही फरक पडत नाही.

दुपारी
फरक पडत नाही हे सांगायला बँडच्या म्होरक्याला, कॉर्नेलियसला, बोलावून घेतलं. म्हणाला, मिस युलाली, तुम्हीच नको म्हणालात. मी म्हटलं, फंक नको म्हणाले, थांबा नव्हे. म्हणाला, ते काय बाहेरून आलंय? मिरवणुकीत मोठा ढोल एकाचा, छोटा दुसऱ्याचा. कुणीतरी एकट्यानं बसून दोन्ही वाजवले. तो वाकडा ठेका बारमध्ये गेला, रेकॉर्डवर गेला, देश फिरला आणि फंक होऊन घरी आला. आणि आमचा उशिरा पडणारा चौथा ठोका तर मिस्टर ऑनोरेंचाच.
मी म्हटलं, ऑनोरे सभ्य माणूस होता.
म्हणाला, म्हणून तर त्यांचा ठोका इतरांना आधी जाऊ द्यायचा.
कॉफी न विचारता घालवून दिला.

४ ऑक्टोबर
ठरलं. रविवारी दार बंद, खिडक्या बंद, कानात कापूस, हातात जपमाळ. शाळेत सिस्टर बेनेडिक्ट सांगत, कंबर हलली की आत्मा हलतो. मी हलणार नाही.

५ ऑक्टोबर
मिरवणुकीसाठी दरवर्षी करते तो गंबोचा रस्सा पन्नास माणसांचा झाला. हाताला सवय. बारा खुर्च्या व्हरांड्यात काढल्या. ऊन दाखवायला.

६ ऑक्टोबर, रविवार, दुपारी एक
सगळं बंद. कापूस उत्तम आहे.

संध्याकाळी
कापूस निकृष्ट निघाला. बँड फिलोमेनाच्या दारी आला आणि ढोल ऐकू आला. चौथा ठोका उशिरा, पण पुरेसा उशिरा नाही. ऑनोरे रोज नाश्त्याला तो चमच्यानं टेबलावर वाजवायचा. एकतीस वर्षं मी त्याला सांगत होते, हे टेबल आहे, ढोल नाही. तेव्हा तो ठोका नेमका कुठे पडतो, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? चूक चालवून घ्यायला सिस्टरनी शिकवलेलं नाही. डाव आणि गंबोचं झाकण घेऊन, घरातल्याच सपातांवर, रस्त्यात गेले. ढोलवाल्याला थांबवून दाखवलं. त्याला जमेना. पुन्हा दाखवलं. तिसऱ्यांदा अख्खा बँड त्यात शिरला, मग कोपऱ्यापर्यंत दाखवत जावं लागलं.
फिलोमेना म्हणते, बाई गं, काय नाचलीस. चालताना कंबर हलतेच. त्याला नाच म्हणत नाहीत.
परत आले तर बाराही खुर्च्या भरलेल्या, पातेलं रिकामं. झाकणाला पोचा.

७ ऑक्टोबर, सोमवार
कॉर्नेलियस आला. पुढच्या वर्षी थांबा माझ्याकडे. माझी अट त्यानं मान्य केली: सुरुवातीला एक भजन. त्याचीही एक अट आहे: झाकण.
राजमा भिजत घातला. नाश्त्याला बसल्यावर चमच्यानं टेबलावर तो ठोका वाजवून पाहिला. अचूक पडला. हे टेबल आहे, ढोल नाही, असं कुणी म्हणालं नाही.