करदोड्याला बांधलेला पंप

पोंभुर्णा,
रविवार, मोह गळायचे दिवस

तीर्थरूप इसरूभाऊजींना रामाजीचा वाकून नमस्कार. रुखमाबाईच्या गुडघ्याला तेल चोळणं चालू असेल, काळ्या गाईला वासरू झालं असेल आणि तुमचा खोकला गेला असेल, असं धरून चालतो (गेला नसेल तर तंबाखूचा खर्रा सोडा, दुसरं औषध नाही). तुमची मयुरी इथे मजेत आहे. मोहफुलं वेचते, चंदामामीशी भांडते आणि इन्सुलिनच्या सुया वेळेवर घेते.

पत्रास कारण तुमचा फोन. डॉक्टरांनी मयुरीला इन्सुलिनचा पंप सुचवला, मोहर्लीला जंगल सफारीच्या गाईडच्या कामावर जायच्या आत ठरवा म्हणाले, आणि तुम्ही म्हणालात, "माह्या पोरीच्या कमरेले मशीन बांधू देत नाई मी. उद्या सोयरे पाह्याले आले तं काय दाखवू?" आणि फोन ठेवलात. मग निकाल लावायचा कोणी? तर ज्यानं कुठलंही कॉलेज न पाहता गावातले निम्मे मिक्सर, राइस मिलची मोटार आणि ग्रामपंचायतीचा भोंगा दुरुस्त केला, त्यानं. मी चंद्रपूरच्या डॉक्टरांना स्पष्ट सांगितलं, वापरल्याशिवाय मी कोणत्याही यंत्रावर मत देत नाही. मला साखरेचा आजार नाही हे खरं, पण त्यांच्याकडे नमुन्याचा एक पंप असतो. त्यात औषधाऐवजी सलाईनचं पाणी भरून घरच्या माणसाला काही दिवस बांधून पाहता येतो. स्क्रू ड्रायव्हर लावायचा नाही, एवढीच अट त्यांनी घातली (तीनदा घातली).

आधी तुमचे गैरसमज काढतो. यंत्र पोटात बसवत नाहीत. खर्र्याच्या पुडीपेक्षा जरा मोठी डबी, तिला झिंग्याच्या मिशीसारखी बारीक नळी, आणि नळीच्या टोकाला बेंबीच्या बाजूला कातडीत जाणारा, पट्टीनं चिकटवलेला एक तुकडा. तो दर दोन-तीन दिवसांनी बदलायचा. बसवताना टोचतं का, तर मुंगी चावल्यासारखं. मी हूं की चूं केलं नाही. डबी दिवसरात्र थेंबथेंब औषध सोडते, आणि जेवताना मात्र ताटात काय पडलं त्याचा हिशोब करून माणसानं आपण बटण दाबायचं.

दुसऱ्याच दिवशी पहाटे मी यंत्रासकट मोह वेचायला गेलो. आता कमरेला काही अडकवायचं तर ते करदोड्याला, ही आपली रीत. किल्ली तिथे, चुन्याची डबी तिथे, मग पंप कुठे? तोही तिथेच. नळी लोंबू नये म्हणून तिलाही करदोड्याच्या गाठीत घेऊन पक्की आवळली (कामात ढिलाई मला चालत नाही). टोपली अर्धी झाली आणि डबी जी बोंबलायला लागली ती थांबेना. शेजारच्या झाडाखाली वेचणारा पोरगा कोलू म्हणाला, "मामा, तुमच्या पोटात काय वाजून राह्यलं?" तेवढ्यात झुडपातून काहीतरी काळं धडपडत पळालं. ते अस्वल होतं. चंदा म्हणते पाटलाची म्हैस होती, पण चंदा तिथे नव्हती.

घरी येऊन मी दवाखान्यात फोन लावला आणि असलं भिकार यंत्र जन्मात पाहिलं नाही, असं नर्सबाईंना सविस्तर ऐकवलं. मयुरीनं माझी बनियान वर केली, पाहिलं आणि हसत खालीच बसली. "मामा, तुमी मशीनचा गळाच आवळला ना जी." गाठ सोडली, डबी गप्प. भाऊजी, इथे माझं मत फिरलं. औषध अडलं तर हे यंत्र ओरडून सांगतं. उन्हानं खराब झालेली इन्सुलिनची बाटली कधी ओरडते का?

मग मोहर्लीला चंदाच्या भाच्याचं, निकेशचं लग्न. पंगतीत मी प्रत्येक वाढीला "थांब, बटण दाबू दे" म्हणायचो. वाढपी वैतागला, "मामा, जेवून राह्यले का रेडिओ लावून राह्यले?" लोक हसले, मीही हसलो आणि बाजूला पाहिलं तर मयुरीचं पान रिकामं. ती मांडवामागे ट्रॅक्टरच्या आडोशाला सुई घ्यायला गेली होती, कारण चारचौघांत दिसू द्यायचं नाही ही तुमची ताकीद. परत आली तोवर जिलबी संपलेली, पंगत उठायला आलेली. सुई घेतलेली, न खाल्लं तर साखर उतरते, म्हणून खाणं भाग. सगळे हात धुवायला गेले आणि ती एकटी खाली मान घालून गार भात गिळत होती. तुम्हाला ती हे सांगणार नाही, म्हणून मी लिहितो. जंगलात जिप्सीतून खाली उतरता येत नाही, भाऊजी. तिथे ती कोणत्या ट्रॅक्टरमागे जाईल?

उणीही सांगतो. घामानं पट्टी सुटते. डबी उन्हात तापू द्यायची नाही. पंप बंद पडला तर काही तासांतच साखर चढते, म्हणून सुया जवळ बाळगाव्याच लागतात. रक्त तपासणं सुटत नाही. हिशोबाचा कंटाळा असणाऱ्यानं या वाटेला जाऊ नये. मयुरीला तो कंटाळा नाही. तेव्हा पुरेपूर तपासणीअंती माझा निकाल: पंप घ्यावा. आणि ज्या सोयऱ्याला डबी खटकेल, तो मला खटकेल.

रुखमाबाईला नमस्कार, वासराला गोंजारणे.

तुमचा साळा,
रामाजी

ता. क. निकाल मयुरीला वाचून दाखवला. ती म्हणाली, "मामा, मी तं डॉक्टरले कवाचीच हो म्हणून बसली." असो. माझ्या प्रयोगानं त्याला बळकटी आली.

आणखी ता. क. घरच्या एका माणसानं हे सगळं शिकून घ्यावं लागतं. मी तर शिकलेलाच आहे, पण डॉक्टर म्हणाले, मामा सोडून कोणीही. मयुरी म्हणाली, बाबाच पाहिजे. तर बुधवारी सकाळच्या गाडीनं चंद्रपूरला या. नमुन्याचा पंप तुमच्या नावानं ठेवायला सांगितलाय. तुकडा मयुरी स्वतःच्या हातानं बसवेल, मलाही तिनंच बसवला होता.

शेवटचं. करदोडा घरी सोडून या. आणि वर मुंगीचं जे लिहिलं ते मयुरी खोडायला सांगते. मी ओरडलो होतो. बाहेर बाकावरचे दोन पेशंट उठून घरी गेले. तुम्हीही खुशाल ओरडा, पोरीचा हात हलत नाही.