ओल असेपर्यंत

प्रिय ऋत्विक,

बोटीवर रेंज मिळाली की तू फोन करतोस, पण बोलतोस तू आणि ऐकते मी. माझं तोंड उघडेपर्यंत आवाज तुटतो, नाहीतर तुझी ड्युटी सुरू होते. म्हणून आज लिहायलाच बसले. शेजारची आरोही या पानांचे मोबाईलवर फोटो काढून पाठवणार आहे. अक्षर कोंबडीच्या पायांचं आहे, माहीत आहे मला. तरी शेवटपर्यंत वाच आणि मगच फोन कर.

परवा तू विचारलंस, तो लवू अजून आपल्या दारात येतो का, आला तर हाकलून दे म्हणून. नाही रे येत. वैशाखात तू आलास, फाटकाशी उभा राहून सगळ्या वाडीदेखत त्याला म्हणालास की माझ्या बापाला तू जाळलंस, त्या दिवसापासून त्याने आपली पायरी चढलेली नाही. आणि तू बोललास म्हणजे भाऊबंदांना आयतंच निमित्त झालं. गवत कापायला, कलमांच्या फवारणीला, कुणीसुद्धा त्याला हाक मारत नाही. रोज रत्नागिरीला जाऊन बंदरावर बर्फाच्या लाद्या ओढतो. सोनूबाई, त्याची बायको, विहिरीवर आली की बाकीच्या कळशा उचलून चालू पडतात. मी थांबते, पण मला तरी बोलायला काय तोंड आहे?

घरचं म्हणशील तर बरं आहे. आंबा यंदा उशिरा मोहरलाय. म्हशीचा भाजलेला कान सुकला, पण त्या बाजूने कुणी गेलं की अजून बिचकते. बाबांची बुजगावण्यासारखी ती खाकी टोपी खुंटीवरच आहे. काढावी म्हणते आणि राहून जातं.

आता खाजणाचं, खाडीकाठच्या आपल्या त्या बांधाआतल्या जमिनीचं लिहिते, कारण तू लहान असल्यापासून बाहेर शिकलास आणि तुझ्या डोक्यात खाजण म्हणजे नुसतं पडीक गवत. मी या घरात आले तेव्हा बांधाच्या आत भात व्हायचं. भात थांबलं, मग वाडीभरच्या म्हशी तिथेच चरायच्या. गुडघाभर चिखल, त्यात लव्हाळा न् पाणकणीस, आणि म्हशी दिवसभर तुडवायच्या, खायच्या, लोळायच्या. गवताची काय बिशाद होती डोकं वर काढायची! उधाणाला बांधाची उघाडी, म्हणजे पाण्याची ती लाकडी दारं, जरा सैल सोडायची, की खाडीचं पाणी आत शिरून चिखल शिमग्यापर्यंत ओला राही. आता म्हशी उरल्यात आपली एक आणि खालच्या वाडीत दोन. दूध पिशवीतून येतं. बांध नवा सिमेंटचा झाला, उघाडी बंद झाली, खाडीचं पाणी येईना. गवत माणसाच्या डोक्यावर जातं, कुणी खात नाही, कुणी कापत नाही. पावसाळ्यात आडवं होतं, त्यावर पुढच्या वर्षीचं पडतं, आणि अशी खाली गादीच्या गादी साचली आहे.

जाळायची रीत मात्र जुनीच. पौषात, चिखलात ओल असताना, वारा पडलेला बघून पट्ट्यापट्ट्याने जाळायचं. आग ओलीपाशी गेली की आपोआप मरते, आणि जळल्या जागी कोवळं फुटतं ते म्हशी आवडीने खातात. पहिली चूड, म्हणजे पेटत्या झावळीची मशाल, आपल्या घरची. बाबा बांधावर नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचे, 'गुराढोराला चारा दे, आग आपल्या वाटेनं ने', आणि लवू मागून 'व्हय म्हाराजा' म्हणायचा. मग बाबा चिखलात टाच दाबायचे. टाचेच्या खळग्यात पाणी आलं तरच चूड पेटवायची, नाहीतर नारळ घेऊन घरी. तुला एकदा खांद्यावर घेऊन गेले होते. तू धुराने रडलास आणि मला शिव्या ऐकाव्या लागल्या.

गेल्या वर्षी पौषात जाळलं नाही. माघातही नाही. फाल्गुनात, पालखी घरोघर निघायच्या आधी, घाईने जाळलं. तू मला विचारलं होतंस की एवढ्या उशिरा कशाला काडी लावली त्या लवूने, अक्कल गहाण ठेवली होती का? मी तेव्हा विषय बदलला. लोकांनी लवूला चूड घेऊन खाजणात उतरताना पाहिलं, एवढंच तुला तुझ्या चुलतभावाने, दर्शनने सांगितलं, आणि ते खोटं नाही. पण त्याच्या पुढे कोण चाललं होतं ते दर्शनने पाहिलं नसेल, किंवा चुलत्याच्या प्रेमाने सांगितलं नसेल. पहिली चूड बाबांनीच लावली, बाळा. लवू आधी नको म्हणत होता. मग दोघांनी बांधाच्या कडेला टाच दाबून पाहिली. पाणी आलं. दोघेही खूश झाले. अरे, नव्या बांधातून तिथे पाणी झिरपत होतं, तेवढीच जागा ओली होती! पुढे सगळं कोरडं ठणठणीत. हे आम्हाला नंतर कळलं. बैल गेला नि झोपा केला, तसं आता ग्रामपंचायतीने तिथे आग लावू नये म्हणून बोर्ड ठोकलाय.

त्या दिवशी आग दिसायला विझली. दोघे घरी आले, जेवले, लवू माझ्या सोलकढीला नावं ठेवून गेला. पण ती वरून विझली होती, खालच्या त्या गादीत धुमसत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी खाडीवरून वारा सुटला आणि पार पलीकडे, जिथे म्हैस खुंट्याला बांधून चरायला सोडली होती, तिथे वर आली. बाबा कोयता घेऊन धावले. दाव्याची गाठ ओढून घट्ट झालेली. दावं कापलं, म्हैस सुटली, पण तोवर मागची वाट बंद झाली होती. ओलं गोणपाट डोक्यावर घेऊन आत कोण शिरलं असेल? त्याचे हात बघितलेस का तू कधी? वैशाखात तू ओरडत होतास तेव्हा त्याने ते पाठीमागे धरले होते.

एवढं सगळं त्याने तुला तोंडावर का नाही सांगितलं, असं तुला वाटेल. मीही का नाही सांगितलं? आता ते लिहिते.

गेल्या वर्षी पौष सुरू झाला तेव्हा तुझा फोन आला होता. तू म्हणालास, बाबा, माझी ड्युटी संपत आली, महिनाअखेर घरी येतो, यंदा खाजणात मी पण येणार, थांबा माझ्यासाठी. आठवतं ना? बाबांना केवढा आनंद! ज्याला त्याला सांगत सुटले, यंदा पहिली चूड माझा पोरगा लावणार. मग तुझ्या जागी येणारा माणूस आला नाही, तुझी बोट पुढे गेली. तू म्हणालास पंधरवड्यात येतो. मग आणखी पुढे. लवू रोज ह्यांना सांगायचा, भिकादा, ओल चालली. आणि हे म्हणायचे, "पोरगा येतोय, थांबू." माघ असाच गेला.

इस्पितळात शेवटी शुद्धीवर आले तेव्हा मी आणि लवू, दोघेच होतो. पाणी नको म्हणाले. म्हणाले, "ऋत्विकला सांगू नको आपण थांबलो होतो म्हणून. आयुष्यभर जळत राहील तो." आम्ही दोघांनी मान हलवली. मी आई म्हणून गप्प राहिले, त्यात काय मोठं. पण लवू कोण रे आपला? तू त्याला बापाचा मारेकरी म्हणालास, आणि तो ते ऐकून घेऊन निघून गेला. कुणाच्या अध्यात ना मध्यात असणारा माणूस, आपल्या घरासाठी वर्षभर वाळीत पडल्यासारखा जगतोय. मी रोज देवापुढे बसते आणि उठताना तेच ओझं घेऊन उठते. तुझा यात दोष नाही. बोट काय तुझ्या बापाची आहे वळवायला? बाबांनी वाट बघितली ती त्यांच्या हौसेने. रडू आलं तर रड, पण स्वतःला खात बसू नकोस.

हे तुला कधीच सांगितलं नसतं, ह्यांना वचन दिलं होतं मी. पण आज सकाळी मी खाजणात जाऊन आले. अगदी मधोमध जाऊन टाच दाबली. पाणी आलं, पण जेमतेम. चार दिवसांत तेही जाईल. गवत यंदा आणखी वाढलंय, गादी आणखी जाड झालीय, आणि शिमग्याला चाकरमानी आले, कुणी विडी टाकली, की या खेपेला वाडीच जाईल. दुसरं कुणी उतरायला धजत नाही. म्हणून तडक लवूच्या दारात गेले. त्याने मला बसायला पाट दिला आणि म्हणाला, "वयनी, ऋत्विकनं व्हय म्हटल्याबिगर मी काडी ओढणार नाय." त्याचा नंबर आरोही या फोटोंबरोबर पाठवेल. त्याला फोन कर. माफी मागायला जमणार नसेल तर नको मागूस, नुसतं हो म्हण. गाऱ्हाणं मी घालीन, बायकांनी घालायचं नसतं म्हणणाऱ्यांना काय म्हणायचं ते म्हणू दे. पहिली चूड घरच्या मुलाने लावायची, हे मला ठाऊक आहे. पण बाळा, या खेपेला आम्ही तुझ्यासाठी थांबणार नाही.

तुझ्यावर रागावलेली नाही, तुझीच,
आई