शोभाच्या घंटीतली चिप

४ नोव्हें., मंगळ.
घंटी बसवली. शोभाच्या डाव्या हाताशी काडेपेटीएवढी डबी, तिला भोक, भोकात उजेडाचा सेन्सर. बोट भोकावर सरकवलं की अंधार, अंधार झाला की आक्काच्या खोलीत बझर. बटण दाबायचं बळ हिच्यात उरलेलं नाही. लकव्यानंतर डाव्या हाताचं हे एकच बोट हलतं. बोलणं तर पार गेलं. माझ्या या बायकोची एक हाक अख्ख्या गल्लीला ऐकू जायची, आणि आता मी बझर लावत बसलोय.
माझ्या बोटाने झकास वाजली. तिच्या बोटाने नुसती टर्र, टर्र.

५ नोव्हें., बुध.
प्लँटवरून बदनापूरला घरी पोचलो तर आक्का दारातच. माझी थोरली बहीण, शोभासाठी महिनाभर पिंपळगावहून आलीय. "बबन, दिवसभरात वीस डाव पळाले रे. येऊन बघावं तर काहीच न्हाई. नुसती पडलेली, माझ्याकडं बघून राह्यली." पाणी दिलं तर कधी पिते, कधी नाही.
मी चिडलो. शोभाला म्हणालो, उगाच बोट हलवू नको गं, लागलं तरच हलव.

६ नोव्हें., गुरु.
हाफ डे टाकून जालन्यात. गोम सापडली, डबीतली चिपच चुकीची. मी मागितली होती ७४१४, दुकानदाराने ७४०४ दिली होती. "दोन्ही उलटंच करतेत साहेब. पाय बिलकुल बराबर." पाय बराबर हे खरं. मीही घेतली. वीस वर्षं मेंटेनन्स करून!
०४ ला बंदची चालू पलटायची व्होल्टेजची एकच रेषा. सावली हळू आली की त्या रेषेवर तिचं हो-नाही, हो-नाही चालतं. तीच टर्र. १४ ला दोन रेषा, चढताना वरची, उतरताना खालची. मध्ये कुणी घुटमळलं तर ती दाद देत नाही. आज १४ मिळाली. सॉकेट होतं म्हणून बदलायला दोन मिनिटं.

७ नोव्हें., शुक्र.
टर्र बंद. सकाळी शोभाने बोट सरकवलं, एकदाच, स्वच्छ वाजली. आक्का खूश. "आज बसून चहा पिले रे बाबा." मीही खूश. रात्रपाळीच्या सुपरवायझरला उगाचच फोन करून सर्किट समजावलं.

१० नोव्हें., सोम.
शनिवारी, रविवारी एकदाही वाजली नाही. मला वाटलं, तिला काही लागलंच नसेल.

आज दुपारी आक्का सहज डोकावली. चादर ओली. कधीची, कुणास ठाऊक. बोट भोकावर अर्धं. डोळ्यांतून पाणी कानापर्यंत गेलेलं.
"मी बाजूच्याच खोलीत होते रे, गहू निवडत." आक्का हेच तीनदा म्हणाली.

११ नोव्हें., मंगळ.
रजा. सेन्सरला मीटर लावला. शोभाला म्हणालो, आता हलव. बोट जाईल तेवढं गेलं. काटा २.६ व्होल्टवर. पुन्हा २.६. पुन्हा.
आमची ०४ पलटते अडीचला. १४ पलटते २.७ ला; शुक्रवारी एकदा तिथवर पोचली असेल, मग नाही.
म्हणजे ती टर्र हिचीच होती. वीसच्या वीस हाका हिच्या. कशासाठी मारल्या, ते आक्काला कळलं नाही आणि मला तर चिपचा दोष वाटला. वर मी तिला सांगितलं, उगाच हलवू नको.
माफी मागितली. ती बघत राहिली. माफ केलं का, तेही कळायची सोय नाही.

१३ नोव्हें., गुरु.
रेझिस्टन्स बदलून रेषा तिच्या बोटाजवळ आणली. ०४, १४, दोन्ही लावून पाहिल्या. आता खिडकीपुढून कापसाचा टेम्पो गेला तरी वाजते. आक्का वाकली तरी वाजते. भोकावर नळी बसवली, तर बोट आत जाईना.
जुन्याच रेझिस्टन्सवर मोजलं, बोट आज २.४. परवा २.६ होतं. डॉक्टर म्हणतात, "बराबर चालू आहे, धीर धरा." मी मीटर त्यांना दाखवला नाही.
याला दुसरं एखादं सर्किट असेल. मला येत नाही.

१५ नोव्हें., शनि.
सोमवारी आक्का जाणार, सुनेचं बाळंतपण. मीच म्हणालो, जा. गल्लीतल्या कांताबाई दिवसभर थांबायला तयार आहेत. चांगल्या आहेत, पण स्पष्ट. घंटी पाहिली, टर्र ऐकली. "हे बघा भाऊ, खरी वाजली की मी उठते. पण खोटीच वाजून राह्यली, तर मंग मी किती डाव उठू? माझेही गुडघे हाईत."
त्यांचं काय चुकलं.
०४ लावली तर चार दिवसांत त्या उठायचं सोडतील. खोटी वाजू नये म्हणून रेझिस्टन्स मागे घेऊन १४ लावली, तर बोट तिथवर पोचत नाही, शोभाला कुणी ऐकणारच नाही.

१६ नोव्हें., रवि.
सकाळपासून दोन्ही चिपा ताटलीत घेऊन शोभाजवळ बसलोय. चारदा ०४ लावली, चारदा काढली. आक्का पिशवी भरतेय. मध्येच येऊन म्हणाली, "ती वाजणारीच ठिव रे. कुणी न्हाई आलं तरी तिला वाटंल तरी, आपून हाक मारली." आणि तोंडाला पदर लावून आत गेली.
उद्या साडेसातला ड्यूटी, आठला कांताबाई. मधला अर्धा तास कोण, हेही अजून ठरलेलं नाही.
सॉकेट रिकामं. डबी बाजूला सारून तिचा हात हातात घेतला. बोट हलल्यासारखं वाटलं.
"काय गं?" म्हणालो. "पाणी? खिडकी? कूस बदलू?"
पुन्हा हललं.