आपल्या घरात भरलेली कॅसेट

अण्णा, तुमचं गाणं आता मोबाइलवर वाजणार नाही. ॲप चालवणाऱ्या कंपनीनं जलशाची जुनी गाणी काढून टाकली आणि काल दुपारी त्यांच्याच माणसानं मला फोनवर ते पक्कं सांगितलं. मी गाणं रीतसर डाउनलोड केलं होतं. अजून फोनमध्ये आहे, नाव दिसतं, दाबलं की कुलपाचं चित्र येतं. "सर, डाउनलोड म्हणजे मालकी नव्हे, तो फक्त ऐकायचा परवाना होता," तो म्हणाला. "माझ्या बापाचा आवाज ऐकायला मला परवाना?" "सही तुमच्या वडिलांचीच आहे, सर. घरी काही रेकॉर्डिंग नाही का?" मी म्हणालो, "होतं. पुरात गेलं."

त्या सहीचा मला आजही राग येतो. लक्ष्मीपुरीतल्या एका खोलीत रेकॉर्डिंगसाठी तुम्ही दुपारभर गायलात आणि वर चहा पिऊन समोर आला त्या कागदावर सही केलीत. दिवसभर शाळेत शिकवणारा, संध्याकाळी जलशात उभा राहून लोकांना "आधी वाचा, मग अंगठा द्या" सांगणारा माणूस, आणि स्वतः ओळ वाचली नाहीत. आईनं हटकलं तर म्हणालात, "शेवटच्या कडव्यात माझं नाव हाय की. कोण चोरंल?" नाव अजून तिथंच आहे, कुलपाच्या आत. आणि या कुलपांच्या बाजूनं मी वर्षानुवर्षं पेपरात लिहीत आलो: कॉपी करणारा चोर, कायदा कडक हवा, कलावंत जगला पाहिजे. किल्ली कुणाच्या खिशात राहणार, हे मी एकदाही विचारलं नाही.

आई रोज सकाळी चहा गाळताना ते गाणं लावायला सांगते. आज गाळणी तशीच हातात धरून थांबली. "गप का हायती ते?"

"कंपनीनं बंद केलंय."

"कंपनीला काय कळतंय, कप्पाळ! आपल्या घरात भरलेली कॅसेट हुडीक की."

"ती पुरात गेली," मी तिलाही तेच सांगितलं. ती कॅसेट तुम्ही याच स्वयंपाकघरात भरलीत. मध्येच कुकरची शिट्टी होते आणि तुम्ही गाता गाता ओरडता, "अगं, गॅस बारीक कर!" भरून झाल्यावर कॅसेटच्या पाठीवरचे प्लास्टिकचे दोन बारके तुकडे स्क्रूड्रायव्हरनं मोडलेत. "आता हिच्यावर कुणाच्या बापाला दुसरं काय भरता येणार न्हाय." मला आलं, अण्णा. कॉलेजात असताना त्या भोकांवर चिकटपट्टी लावली आणि रेडिओवरची सिनेमाची गाणी भरून घेतली. दोन्ही बाजू. पूर आला तो त्यानंतर कितीतरी वर्षांनी, आणि वाहून गेली ती ही सिनेमाची कॅसेट.

कंपनीचा माणूस वरच्यांना विचारून सोमवारी कळवतो म्हणालाय. नकारच येईल. त्याआधी उद्या सकाळी आई गाळणी हातात घेऊन पुन्हा विचारेल, आणि मी पुन्हा पुराचंच नाव घेईन. तुम्हाला तेवढं खरं लिहिलं, कारण हे पत्र मला कुठंच टाकायचं नाही.