आजीचं हातमशीन

अपा, तुझ्या लेकीचा सलाम.

मी सात वर्षांची होते. सगळ्या बायका लोकरीची वळकटी पायांनी लोटत नमद्याचं जाजम करत होत्या आणि तू मला म्हणालीस, "तू बाजूला बस, पायांखाली येशील." काल बिश्केकमध्ये तेच पुन्हा ऐकलं.

मी खुशाल आहे. खोली उबदार आहे, कुबड्यांना नवी रबरं बसवलीत. गाय व्याली का?

शिवणाच्या कारखान्यात मला काम लागलं, असं तू गावभर सांगितलंस ना? बर्मेत नावाची मालकीण म्हणाली, "सरकारी नियमाने एक अपंग ठेवावाच लागतो, म्हणून तुझं नाव कागदावर घेतलंय. तू घरी बस, पगार पोचेल."

"एक बाही शिवून दाखवू?"

"अगं, पायाचं मशीन आहे. तुझे पाय थोडेच चालणार आहेत?"

कारखान्यातल्या सगळ्याजणी हसल्या. मीही हसले, त्याचीच चीड अजून जात नाही. मग मी नेमणुकीचा तो कागद तिच्यासमोर फाडला. तू रागावशील. रागाव. मीही रागावले आहे, तुझ्यावरसुद्धा.

शेजारची शिंपीण दुकानात कोपरा देतेय, पण मशीन माझं हवं. आजीचं हाताने फिरवायचं मशीन तू आपल्या उलानच्या होणाऱ्या बायकोसाठी गोधड्यांच्या चळतीमागे ठेवलंयस. माझ्या या भावाचं लग्न अजून ठरलेलंही नाही, आणि त्या मशीनवर आजीने शिवायला मलाच शिकवलं होतं.

ते मला पाठव. सुनेचं आहे म्हणशील, ठाऊक आहे. तरी मागते.

तुझी,
सायराकान